फाईलमधलं सगळं झालं, तरी त्या दर मंगळवारी येतात

पायवाट (धागालेखिका)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

विस्थापितांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत मी गेली दोन वर्षं केसवर्कर आहे. संरक्षणाच्या केसेस बघते. कागदपत्रं हरवलेली माणसं, एकटी पडलेली मुलं, मारहाण सोसणाऱ्या बाया, परत पाठवतील म्हणून धास्तावलेली कुटुंबं असतात. खालचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

एक बाई आणि त्यांची दोन मुलं. येताना वाटेत एका नाक्यावर नवऱ्याला गाडीतून उतरवून घेतलं, त्याला सव्वा वर्ष झालं. अजून पत्ता नाही. केस माझ्याकडे आली तेव्हा कुटुंबाची नोंदणी नव्हती, मुलं शाळेत जात नव्हती, खोलीला आतून कडी नव्हती, धाकटीचा ताप उतरत नव्हता. आठ महिन्यांत हे सगळं मार्गी लागलं. माझ्या योजनेत सहा ओळी होत्या, सहाही ओळींसमोर बरोबरची खूण आहे. सुपरवायझर म्हणतात, आता केस बंद कर. त्यांचंही बरोबर आहे. माझ्याकडे आत्ता ४३ केसेस आहेत आणि नवी नावं यादीत थांबली आहेत.

पण त्या दर मंगळवारी येतात. बाहेरच्या बाकावर बसतात. मांडीवर निळं प्लास्टिकचं फोल्डर असतं, त्याची चेन तुटलीये म्हणून त्याला रबर लावलेलं. त्यातले कागद एकेक काढतात, कडा जुळवतात, परत आत ठेवतात. आत बोलावलं की एकच विचारतात, "काही कळलं?" मी नाही म्हणते. "बरं," म्हणतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. समुपदेशकाकडे जायचं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा "मी वेडी नाही" म्हणून उठून गेल्या.

तर, ही केस बंद करावी का? केली तर मंगळवारी त्यांना काय सांगू? आणि न केली तर मी नेमकं काय करतेय?

---

टिपकागद

तपशील बदललेत हे लिहिलंत ते बरं केलंत. तरी एक विनंती, देश, भाषा, छावणी यांतलं काही इथे कुणी विचारलं तरी सांगू नका, व्यनित (खाजगी निरोपात) सुद्धा नाही. निरुपद्रवी वाटणाऱ्या तीन गोष्टी जुळवूनही माणूस सापडतो.

---

मृदुला_स

वाचतेय. रबर लावलेलं फोल्डर डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

---

वाटाड्या

या कामात पंधरा वर्षं झाली, आता नवीन केसवर्कर्सना शिकवतो. लांब लिहितोय.

केसवर्कच्या पायऱ्या तुम्हाला पाठ असतीलच: ओळख पटवणं, परिस्थिती समजून घेणं, योजना, अंमलबजावणी, पाठपुरावा, आणि मग बंद करणं. यातली दुसरी आणि तिसरी पायरी आपण घाईत उरकतो आणि त्याचं देणं शेवटच्या पायरीवर फेडतो. तुमच्या सहा ओळी कुणी लिहिल्या? नोंदणी, शाळा, कडी, ताप या सगळ्या खऱ्या गरजा आहेत आणि तुम्ही त्या पूर्ण केल्यात, त्याबद्दल मनापासून शाबासकी. पण त्या बाईंना "तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण कोणती?" असं विचारलं असतं तर पहिली ओळ कुठली आली असती? त्या दर आठवड्याला तीच ओळ तोंडी सांगताहेत. "काही कळलं?" हे सातवं उद्दिष्ट आहे, ते योजनेत कुणी उतरवलंच नाही.

दुसरं म्हणजे, "कळलं का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर तेव्हाच प्रामाणिक ठरतं जेव्हा कुणीतरी शोध घेतलेला असतो. शोधाचा अर्ज भरलाय का? आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची केंद्रीय शोध यंत्रणा आणि देशोदेशीच्या रेड क्रॉस, रेड क्रेसेंट संस्था मिळून ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी हे काम करतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. तुमच्या संस्थेने शोधायचं नसतंच, त्या खिडकीपर्यंत नीट पोचवायचं असतं.

तिसरं, ४३ केसेस. बालसंरक्षणाच्या किमान निकषांत एका केसवर्करकडे २५ पेक्षा जास्त मुलांच्या केसेस नसाव्यात असं लिहिलंय, आणि त्याला कारण आहे. ४३ मध्ये माणूस ऐकत नाही, खुणा करतो. हा तुमचा दोष नाही, पण सुपरवायझरना लेखी कळवा.

---

काजवा

वाटाड्यांशी सहमत. मी मानसशास्त्रज्ञ आहे, माझ्या बाजूने भर घालते.

मृत्यू झाला तर माणूस शोक करतो. इथे शोक करायलाही परवानगी नाही. केला तर आपणच नवऱ्याला मारल्यासारखं वाटतं, आणि वाट बघत राहिलं तर जगणं पुढे सरकत नाही. पॉलीन बॉस या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात अशा हानीला स्वतंत्र नाव दिलं. मराठीत मी त्याला 'अनिश्चित हानी' म्हणते. त्यांचा मुख्य मुद्दा असा की गोंधळ माणसाच्या डोक्यात नसून परिस्थितीत आहे. त्यामुळे "आता स्वीकारा, पुढे चला" हा सल्ला इथे क्रूर ठरतो. नवरा असेल आणि नसेल, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात बाळगून मुलांना वाढवता येणं, इतकं साधलं तरी पुष्कळ झालं.

आणि समुपदेशक हे पहिलं उत्तर असतं असं नाही. मानवतावादी संस्थांच्या संयुक्त समितीने २००७ मध्ये मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला चार थरांचा पिरॅमिड आठवा. सगळ्यात खाली सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्याही माणसाचा मान राखून दिलेल्या. त्यावर कुटुंब आणि समुदायाचा आधार. त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांनी दिलेली मदत. टोकावर मानसोपचार. तुम्ही खालचा थर उत्तम बांधलात आणि मग एकदम टोकाकडे बोट दाखवलंत. मधले दोन थर रिकामे आहेत. त्यांच्यासारख्या, ज्यांचं माणूस बेपत्ता आहे अशा बाया त्या वस्तीत आणखी किती आहेत?

हां, पण झोप पूर्ण गेलीये, मुलांकडे लक्ष देणं जमत नाहीये, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलल्या, तर वाट बघू नका. तेव्हा टोकाचाच थर लागतो, आणि त्याच दिवशी लागतो.

---

अनाहूत

माझा या क्षेत्राशी संबंध नाही. दोन भाबडे प्रश्न. निर्वासित आणि विस्थापित यांत फरक काय? आणि एवढं सोसलेल्या सगळ्यांनाच मानसिक आजार होत असणार ना?

---

टिपकागद

@अनाहूत, पहिल्याचं उत्तर मी देतो. सीमा ओलांडून गेलेला आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती असलेला माणूस, ही संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारातली निर्वासिताची व्याख्या. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता, ती मर्यादा १९६७ च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, काढली. याच कराराच्या ३३ व्या कलमात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही.

स्वतःच्याच देशात घर सोडावं लागलेले ते अंतर्गत विस्थापित. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण तो करार नाही. आफ्रिकेने मात्र २००९ मध्ये कंपाला इथे बंधनकारक करार केला, तो २०१२ पासून लागू आहे. २०२४ च्या अखेरीस जगात १२.३२ कोटी लोक बळाने विस्थापित झालेले होते, त्यातले ७.३५ कोटी स्वतःच्याच देशात. म्हणजे 'निर्वासित' म्हटल्यावर आपल्याला जे चित्र दिसतं, त्याच्या बाहेरच बहुसंख्य आहेत.

धाग्याशी जोडलेली एक गोष्ट. त्या १९९८ च्या तत्त्वांमधलं १६ वं तत्त्व सांगतं की बेपत्ता नातेवाइकांचं काय झालं आणि ते कुठे आहेत हे कळण्याचा विस्थापितांना हक्क आहे. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलचं ३२ वं कलमही कुटुंबाचा हाच हक्क मान्य करतं. त्या बाई दर मंगळवारी हक्काचा प्रश्न विचारताहेत.

---

काजवा

@अनाहूत, भाबडा नाही, अगदी रास्त प्रश्न आहे. उत्तर 'नाही' असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत साधारण पाचांतल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, त्यात सौम्यही आले. हे प्रमाण मोठंच आहे. पण उरलेल्या चौघांना दुःख आहे, भीती आहे, संताप आहे, आजार नाही. त्यांना औषध नको, कुलूप लागणारं दार हवं, काम हवं, बातमी हवी.

---

आखणी

थोडा वेगळा सूर लावतो. मी अशा कार्यक्रमांचं व्यवस्थापन बघतो, म्हणजे इथल्या भाषेत मीच तो 'केस बंद कर' म्हणणारा माणूस.

यादीत थांबलेल्या नावांना चेहरा नसतो, म्हणून त्यांच्या बाजूने कुणी धागा काढत नाही. त्या यादीत कदाचित एक चौदा वर्षांची मुलगी असेल, तिचं पुढच्या आठवड्यात लग्न लावून देणार असतील. पायवाट यांचा मंगळवारचा अर्धा तास तिचा होता. केस उघडी ठेवणं ही नेहमी माया असते असं नाही. कधीकधी आपल्याला निरोप घेणं जमत नाही, म्हणून आपण ती उघडी ठेवतो, आणि समोरच्याला वाटतं की ऑफिसला काहीतरी माहीत आहे. खोटी आशा त्यातूनही तयार होते.

बंद करणं म्हणजे दार लावणं नव्हे. शेवटची भेट ठरवून घ्यायची, काय काय झालं ते दोघांनी मिळून बघायचं, पुढे कुठे जायचं ते लिहून द्यायचं, धोका वाढला तर केस पुन्हा उघडते हे सांगायचं.

---

मृदुला_स

आखणी, चौदा वर्षांच्या मुलीचा मुद्दा पटला. पण "निरोप घेणं जमत नाही" हे तुम्ही धागालेखिकेबद्दल गृहीत धरलंत. तिने स्वतःच विचारलंय की मी नेमकं काय करतेय. इतकं प्रामाणिक विचारणाऱ्या माणसाला हे ऐकवायची गरज नव्हती.

---

आखणी

मान्य. शब्द मागे घेतो. पायवाट, क्षमस्व.

---

शंखपुष्पी

मी दुभाषी आहे. सहसा आमच्याकडून कुणी मत मागत नाही, पण इथे मला एक शंका येतेय.

"मी वेडी नाही." हे त्या बाई कशाला उत्तर म्हणून बोलल्या? पायवाट म्हणाल्या असतील 'समुपदेशक'. पण त्यांच्या कानावर कुठला शब्द पडला? कितीतरी भाषांत या कामासाठी रुळलेला शब्दच नाही. ऐनवेळी दुभाषी जवळचा शब्द उचलतो, आणि जवळचा शब्द असतो 'वेड्यांचा डॉक्टर'. मी स्वतः ही चूक केली आहे. समोरचा माणूस उठून गेला आणि फाईलमध्ये नोंद झाली, 'सेवा नाकारली'. ती नोंद वाचून पुढच्या माणसानेही त्यांना विचारलं नाही.

म्हणून भेटीच्या आधी दुभाष्यासोबत दहा मिनिटं बसा. अवघड शब्द आधी ठरवा. 'ताण', 'आघात', 'संमती', 'गोपनीय' हे शब्द मी आता वाक्यात फोडून सांगते. उदाहरणार्थ, 'गोपनीय'साठी: "तुम्ही सांगाल ते माझ्या आणि यांच्या बाहेर जाणार नाही, फक्त तुमच्या किंवा मुलांच्या जिवाला धोका असेल तर सोडून." आणि उलटही बघा. त्यांचं दुःख त्या कुठल्या शब्दांत सांगतात? बऱ्याच भाषांत 'फार विचार होतात' किंवा 'काळीज जड आहे' असं बोलतात. त्याला 'नैराश्य' म्हणून उतरवलं की अर्धं तिथेच सांडतं.

एक विचारते, तुमचा दुभाषी त्यांच्याच समुदायातला आहे का? नाक्यावर जे घडलं त्याबद्दल त्याच्यासमोर बोलायला त्या धजावत नसतील.

---

पायवाट

शंखपुष्पी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या विचारते. आखणी, राग नाही, थोडं खरं होतं म्हणून लागलं एवढंच.

---

सारंगी७

मी काही महिने एका छावणीत स्वयंसेवक होतो. माझं मत असं की एकदा बसवून त्यांच्याकडून सगळं बोलून घ्या. नाक्यावरचा तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत. रडतील, पण मोकळ्या होतील. साचलेलं बाहेर पडलंच पाहिजे.

---

काजवा

सारंगी७, कळकळ समजते, पण हे करू नका. घटनेनंतर एका बैठकीत सगळं उगाळून घेण्याची पद्धत एके काळी फार चालली. तपासून पाहिल्यावर तिचा फायदा दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असंच सांगते. बोलावंसं वाटलं तर ऐकणं आणि बोलायला लावणं यांत फरक आहे. २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच गोष्टी आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. 'खोदा' हा शब्द त्यात नाही.

ठरवून काही द्यायचं असेल तर पाच भेटींची एक पद्धत आहे, 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस'. जागतिक आरोग्य संघटनेने ती २०१६ मध्ये काढली. सावकाश श्वास, एक अडचण निवडून तिचे तुकडे करणं, थांबलेली छोटी कामं पुन्हा सुरू करणं, आणि माणसं जोडणं. तज्ज्ञ नसलेली, पण नीट शिकवलेली आणि पाठीशी देखरेख असलेली माणसं ती देतात. पेशावरमध्ये तिची चाचणी झाली, लोकांचा त्रास कमी झाला. गटासाठी 'सेल्फ-हेल्प प्लस' आहे, त्यात आवाजाच्या ध्वनिफिती लावून तीसेक जणांना एकत्र बसवतात. युगांडात दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांसोबत ती तपासली गेली. यात कुठेही 'काय झालं ते सांगा' असं दटावून विचारत नाहीत.

---

सारंगी७

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. मी दोन-तीन जणांना असं बोलतं केलं होतं. आता त्यांची आठवण येऊन बेचैन वाटतंय.

---

काजवा

तुम्ही जवळ बसलात, उठून गेला नाहीत, हेही त्यांच्या लक्षात राहिलं असेल. पुढच्या वेळी वेगळं करा.

---

दूरचं_घर

इथे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

आमचं कुटुंब विस्थापित झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कुठून कुठे ते सांगत नाही. वडील आमच्यानंतर सात महिन्यांनी आले, म्हणजे ते सात महिने आम्हाला माहीत नव्हतं की ते येणार आहेत.

आई तेव्हा एका कचेरीत जायची. दर आठवड्याला, मला हाताला धरून. तिथे एक खिडकी संपली की दुसरी. प्रत्येक खिडकीत तीच गोष्ट पहिल्यापासून. तिसऱ्या खिडकीपर्यंत आईची गोष्ट छोटी व्हायला लागली. घाबरलेलो, पळालो, अंधार होता, हे गळून गेलं, नुसत्या तारखा उरल्या. मग एका माणसाने तिला विचारलं की तुम्ही इतक्या शांतपणे कसं सांगता, खरंच घडलंय ना? त्या दिवशी परत येताना आई एक अक्षर बोलली नाही.

पण एका खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्याकडे आमचं काहीच काम नव्हतं, वडिलांचा शोध त्यांच्या अखत्यारीत नव्हता. त्या फक्त आईला नावाने हाक मारायच्या. बाकी सगळीकडे आम्ही नंबर होतो. पुढे मोठेपणी मी आईला विचारलं, तू तिथे का जायचीस? ती म्हणाली, "आठवड्यातून एकदा कुणीतरी बघितलं पाहिजे होतं की मी अजून आहे."

पायवाट, त्या बाकावर बसून तुमच्याकडून नक्की काय नेतात ते मला सांगता येणार नाही. पण काहीतरी नेतात.

---

मृदुला_स

दूरचं_घर, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पुढे काही लिहायला शब्द नाहीत.

---

वाटाड्या

+१. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हे टाळता येतं. संमती घेऊन लिहिलेला संदर्भ पुढच्या कचेरीला आधी पाठवायचा, आणि पहिल्या दिवशी केसवर्करने सोबत जायचं. रेफरल, म्हणजे दुसऱ्या संस्थेकडे पाठवणं, हे नुसती चिठ्ठी हातात देणं असं समजून अर्धं क्षेत्र चालतं. आणि सपाट आवाजात सांगितलेली गोष्ट खोटी नसते. तपशील मागेपुढे होणं, भावना न दिसणं, हे सोसलेल्या माणसांत सर्रास आढळतं.

---

बखर

अवांतर, पण शोधाच्या अर्जावरून आठवलं. रेड क्रॉसची ही यंत्रणा जुनी आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिली कचेरी उघडली. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी जी कचेरी झाली तिथे सुमारे ७० लाख कार्डं तयार झाली. प्रत्येक कार्डावर एक माणूस. एका बाजूने कैद्यांच्या याद्या यायच्या, दुसऱ्या बाजूने घरच्यांची पत्रं, आणि स्वयंसेवक दोन्हींची कार्डं एकत्र लावायचे. कार्डं एकमेकांना भेटली की घरी खबर जायची. संगणक नाही, काही नाही. 

---

अनाहूत

बखर, अवांतर म्हणू नका. हा या धाग्यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

न्यायदीप

वकील आहे, निर्वासितांच्या कुटुंबविषयक प्रश्नांवर काम करते. सगळे मनाबद्दल बोलताहेत, ते योग्यच आहे, पण कायद्याच्या बाजूनेही ही केस पूर्ण झालेली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवरा बेपत्ता म्हणजे कायद्याच्या लेखी त्या ना विवाहित म्हणून जगू शकतात, ना विधवा म्हणून. मुलांचा पासपोर्ट, मुलांसह प्रवास, मागे राहिलेली जमीन, पुन्हा लग्न, या सगळ्याला अनेक देशांत वडिलांची सही किंवा मृत्यूचा दाखला लागतो. उद्या तिसऱ्या देशात पुनर्वसनाची संधी आली आणि मुलांच्या ताब्यावरचा वडिलांचा हक्क हा प्रश्न सुटलेला नसेल, तर मुलांच्या सर्वोत्तम हिताची औपचारिक तपासणी करावी लागते. त्यात विचारतात की वडिलांना शोधायचा काय प्रयत्न केला? तुमच्या फाईलमध्ये आत्ता याचं उत्तर कोरं आहे.

आणि बायकांना लवकर कागद हवा म्हणून मृत्यूचा दाखला घ्यायला लावू नका. ज्याची वाट बघतोय त्याच्या मरणावर सही करायला लावण्यासारखं ते आहे. काही देशांत 'अनुपस्थिती'चा दाखला मिळतो, तो निराळा असतो. माणूस मेला असं न म्हणता कुटुंबाला व्यवहार करता येतात. नाक्यावरची माणसं सरकारी असतील तर सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा २००६ चा करारही आहे, त्याचं २४ वं कलम बेपत्तांच्या नातेवाइकांच्या कायदेशीर स्थितीची सोय लावायला सांगतं. मात्र तो त्या देशाने स्वीकारलाय का, ते आधी बघा.

सावधगिरी एक: शोधासाठी फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, त्यांनाही सांगा. कुठली माहिती कुणाला द्यायची, मूळ देशातल्या अधिकाऱ्यांना कळवायचं की नाही, हे त्यांच्याकडून विचारून घ्या. नवरा कुठे लपून असेल तर आपणच त्याला उघडा पाडू.

---

आखणी

न्यायदीप यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बदलतोय. ही केस बंद करायच्या निकषात बसत नाही, कारण संरक्षणाचा एक धोका तसाच उभा आहे. पायवाट, सुपरवायझरशी बोलताना हाच मुद्दा धरा, 'मला वाईट वाटतं' हा नको. योजना दुरुस्त करा, सातवी आणि आठवी ओळ घाला, धोक्याची पातळी मात्र खाली आणा, म्हणजे आठवड्याऐवजी महिन्याने भेट. तुमचा वेळ मोकळा होईल आणि चौदा वर्षांच्या मुलीलाही मिळेल.

---

सारंगी७

आणि मंगळवार? महिन्याने भेट ठरवली तरी त्या येणारच.

---

काजवा

येऊ देत की. त्याला केस म्हणायची गरज नाही. पिरॅमिडचा दुसरा थर आठवा. त्याच बाकाजवळ एक खोली, दर मंगळवारी तासभर, ज्यांचं माणूस बेपत्ता आहे त्या सगळ्यांसाठी. समुपदेशनाची पाटी नको. हाताला काहीतरी काम असलं की बोलणं सोपं जातं.

---

पायवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, म्हणून सविस्तर.

आधी दुभाषी. शंखपुष्पी, तुमची शंका अगदी बरोबर निघाली. मी विचारल्यावर तो ओशाळला. त्याच्या भाषेत 'समुपदेशक' नाहीच, त्याने जो शब्द वापरला होता त्याचा अर्थ वेड्यांना बरं करणारा. त्याची काय चूक, मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीला त्यांना चालेल अशी दुभाषी बाई घेतली. तेही त्यांना विचारून.

मग मंगळवारी त्यांना आत बोलावलं आणि वाटाड्यांचा प्रश्न विचारला. तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण कोणती? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." रागाने नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं.

मी म्हटलं, तुमच्या यजमानांना शोधायचा अर्ज करता येतो, आमच्याकडून नाही, पण मी तुमच्यासोबत येईन. सापडतीलच असं मी सांगू शकत नाही. अर्जाला पूर्ण नाव त्यांच्या लिपीत, वडिलांचं नाव, जन्मसाल, शेवटचं कुठे आणि कधी दिसले, अंगावर काय होतं, असं सगळं लागेल. काही आठवत असेल तर हळूहळू लिहून काढू.

त्यांनी फोल्डरचं रबर काढलं.

मला वाटायचं त्यात नोंदणीचे आणि शाळेचे कागद आहेत, मीच दिलेले. ते होते, पण वरचे दोनच. त्याखाली सगळं नवऱ्याचं होतं. जुन्या ओळखपत्राची प्रत. कामावरचा एक फोटो, त्यात डोळ्यांवर ऊन आल्यामुळे त्याने कपाळावर हात धरलेला. वहीचा फाडलेला कागद, त्यावर ती तारीख, गाडीचा रंग, नाक्याच्या आधीच्या गावाचं नाव, सोबतच्या आणखी तिघांची नावं, कुठला शर्ट होता, डाव्या भुवईवर खूण. तिथून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी लिहिलंय म्हणाल्या, विसरू नये म्हणून. सव्वा वर्ष त्या हे घेऊन वेगवेगळ्या टेबलांसमोर बसल्या. माझ्या टेबलासमोर आठ महिने.

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघता कागद जुळवायला वेळ घेतला, मी सावरेपर्यंत.

अर्ज भरून झाला. अधिकाऱ्यांना कळवायचं का, याला त्या नाही म्हणाल्या, तसंच लिहिलं. न्यायदीप, मुलांच्या ताब्याच्या कागदांसाठी वकिलांची वेळ घेतली आहे. आखणी, सुपरवायझरशी तुम्ही सांगितलंत तसंच बोलले, योजना दुरुस्त झाली, महिन्याची भेट ठरली. ४३ चं लेखी दिलंय, अजून उत्तर नाही. मंगळवारची खोली मिळाली आहे, पहिल्या दिवशी पाच जणी होत्या. धाकट्या पोरांनी माझा स्टेपलर पळवला आणि अख्ख्या तासात कोऱ्या कागदांची एक मोठी वही शिवून काढली, ती आता खोलीतच ठेवली आहे.

त्या आल्या होत्या. "काही कळलं?" विचारलंच. मी म्हटलं, अजून नाही, अर्ज पोचलाय. "बरं," म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईला जागा करून दिली.

---

दूरचं_घर

वाचलं. दोनदा वाचलं.

---

वाटाड्या

छान काम. एकच, अर्जाचा क्रमांक त्यांच्याकडे लिहून दिलात ना? तुमची बदली झाली, फाईल हरवली, त्या दुसरीकडे गेल्या, तरी त्यांच्या हातात राहायला हवा.

---

पायवाट

दिलाय. मोठ्या अक्षरात, त्यांच्या लिपीत. फोटोच्या मागे लावून ठेवलाय त्यांनी.